संप एका शहराचा, पंचाईत तुमची

प्रति,
राष्ट्रीय पक्षांचे प्रचारप्रमुख आणि त्यांचे सल्लागार

विषय : निवडणुकीच्या तोंडावर होणारे शिक्षकांचे संप आणि त्यावरचं तुमचं ठरलेलं वाक्य

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

एखाद्या शहरातले शिक्षक ऐन प्रचाराच्या दिवसांत संपावर गेले की तुमच्या वॉर रूममध्ये आधी नकाशा उघडत असणार. तिथे जागा किती, आपण तिथे पुढे की मागे, मागच्या वेळचं मताधिक्य किती. बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की ते शहर तसंही आपलंच आहे किंवा तसंही त्यांचंच आहे, तेव्हा त्यात पडायला नको. मग ते ठरलेलं वाक्य बाहेर येतं : दोन्ही बाजूंनी चर्चेतून मार्ग काढावा, मुलांचं नुकसान होऊ नये.

त्या वाक्याबद्दल आणि त्यामागच्या हिशेबाबद्दल हे पत्र आहे. मी ना शिक्षक, ना कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता. निवडणुका बारकाईने वाचायची खोड आहे, आणि तुमचा हा हिशेब वारंवार चुकताना पाहिला आहे, म्हणून लिहितो आहे.

माझं म्हणणं असं. संप कुठे झाला, तिथे मतं किती, हे नंतर बघा. ज्याच्या विरोधात संप झाला तो माणूस तुमचा कोण लागतो आणि संपकऱ्यांच्या मागण्यांपैकी कोणत्या तुमच्याच धोरणातून निघाल्या आहेत, हे आधी बघा. विरोधकाच्या राज्यात झालेला संप तुम्हाला भाषणात वापरायला एक परिच्छेद देतो. मित्राच्या शहरात झालेला संप तुम्हाला तुमच्याच दोन माणसांमध्ये उभं करतो आणि विचारतो, बोला, कोणाचे?

शिकागोचं उदाहरण घ्या. 6 सप्टेंबर 2012 ला बराक ओबामांनी शार्लटच्या पक्ष-अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा उमेदवारी स्वीकारली. चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, शिकागोचे सुमारे 26 हजार शिक्षक संपावर गेले आणि साडेतीन लाख मुलांच्या शाळा बंद पडल्या. शहरात असा संप पंचवीस वर्षांत झाला नव्हता. महापौर होते राम इमॅन्युएल, म्हणजे ओबामांचे व्हाइट हाउसमधले पहिले चीफ ऑफ स्टाफ. ते त्याच महिन्यात ओबामांना पाठिंबा देणाऱ्या एका सुपर पॅकसाठी, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे अमर्याद निधी जमवून प्रचारावर खर्च करणाऱ्या गटासाठी, निधी गोळा करायला निघाले होते. संपामुळे ते काम त्यांना थांबवावं लागलं. ओबामांच्या प्रचाराचं मुख्यालयही शिकागोतच होतं. लाल शर्ट घातलेले शिक्षक त्याच मध्यवर्ती भागातल्या रस्त्यांवरून घोषणा देत जात होते, त्यामुळे संपाची बातमी कळायला मुख्यालयाला टीव्ही लावायची गरज नव्हती.

आता दुसरी बाजू. संप करणारी शिकागोची शिक्षक संघटना म्हणजे 'अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स' या देशव्यापी संघटनेची पहिली शाखा, लोकल 1. त्या देशव्यापी संघटनेने फेब्रुवारी 2012 मध्येच ओबामांना पाठिंबा जाहीर केला होता. सुमारे तीस लाख सदस्यांच्या 'नॅशनल एज्युकेशन असोसिएशन'ने तर त्याच्याही आधीच्या उन्हाळ्यात. म्हणजे महापौरही आपला आणि संपकरीही आपले.

पण खरी गोम मागण्यांच्या यादीत होती. वर्तमानपत्रांनी पगारवाढीचे आकडे छापले, कारण आकडे छापायला सोपे. शिक्षकांना मात्र त्याहून जास्त डाचत होतं ते विद्यार्थ्यांच्या चाचणी परीक्षांच्या गुणांवरून होणारं त्यांचं मूल्यमापन आणि कमी केलेल्या शिक्षकांना पुन्हा कामावर घेण्याचे नियम. हे गुणांवरचं मूल्यमापन आलं कुठून? ओबामा सरकारने 2009 मध्ये 'रेस टू द टॉप' नावाची 4.35 अब्ज डॉलरची स्पर्धा लावली. राज्यांनी शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांची प्रगती धरली, तर निधी मिळवण्याची शक्यता वाढत होती. त्या निधीवर डोळा ठेवून इलिनॉय राज्याने 2010 मध्ये तसा कायदा केला. ही योजना राबवणारे शिक्षणमंत्री आर्नी डंकन आधी कुठे होते, तर शिकागोच्याच शाळांचे प्रमुख. संप महापौराशी होता हे खरं, पण महापौर जे राबवत होता त्याच्या मुळाशी वॉशिंग्टनचा पैसा होता. अशा भांडणात राष्ट्राध्यक्षाचा प्रवक्ता सांगतो की राष्ट्राध्यक्षांनी यावर मत बनवलेलं नाही, दोन्ही बाजूंनी लवकर तोडगा काढावा. ओबामांनीच 2007 च्या प्रचारात सांगितलं होतं की कामगारांचा वाटाघाटीचा हक्क नाकारला गेला, तर मी राष्ट्राध्यक्ष म्हणून पायात बूट चढवून त्यांच्यासोबत चालेन. शिक्षक मंडळींची स्मरणशक्ती चांगली असते, त्यांचा धंदाच तो. हे वाक्य त्या दिवसांत पुन्हा पुन्हा उगाळलं गेलं.

विरोधकांना हे आयतं कोलीत होतं, आणि त्यांनी ते कसं हाताळलं हेही बघण्यासारखं आहे. ओबामांचे प्रतिस्पर्धी उमेदवार मिट रॉम्नी यांनी पहिल्याच दिवशी पत्रक काढलं : शिक्षक संघटनांचं हित मुलांच्या हिताच्या आड येतं आणि ओबामांनी आपली बाजू निवडली आहे, ती संघटनांची. त्याच दिवशी त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन पोर्टलंडमध्ये म्हणाले की या बाबतीत आम्ही महापौर इमॅन्युएल यांच्यासोबत आहोत. झालं की नाही! ओबामांच्या सर्वांत जवळच्या माणसाला तुम्ही पाठिंबा देता आणि त्याच श्वासात ओबामा संघटनांच्या खिशात आहेत असंही म्हणता. मतदाराने यातून काय घ्यायचं? संपावर तुटून पडायची घाई झाली की विरोधी पक्षाचीही अशीच फसगत होते, कारण मालकाच्या खुर्चीत कोण बसलं आहे हे आधी बघितलेलं नसतं.

त्यानंतर जे झालं त्यात कोणाचंच शहाणपण नव्हतं. 11 सप्टेंबरच्या रात्री लिबियात बेनगाझीमध्ये अमेरिकी राजदूतासह चौघे मारले गेले आणि राष्ट्रीय बातम्यांतून शिकागो मागे पडलं. 17 तारखेला रॉम्नी यांची ती चित्रफीत बाहेर आली, ज्यात ते 47 टक्के मतदार सरकारवर अवलंबून आहेत असं म्हणत होते. 18 ला संघटनेच्या प्रतिनिधींनी संप थांबवला, 19 ला शाळा भरल्या. शाळेचे सात दिवस बुडाले होते. ओबामांनी नोव्हेंबरमध्ये इलिनॉय सहज जिंकलं, देशही जिंकला. तुमच्या खात्यात या प्रकरणापुढे 'परिणाम : शून्य' असं लिहिलं गेलं असणार.

ही नोंद पुसा. इलिनॉय हे चुरशीचं राज्य नव्हतंच, त्यामुळे परिणाम तिथे शोधायचा नव्हता. इलिनॉयमधले डेमोक्रॅट कार्यकर्ते त्या काळात शनिवार-रविवारी बसमध्ये बसून शेजारच्या विस्कॉन्सिन आणि आयोवात दारं ठोठवायला जात, कारण चुरस तिथे होती. शिक्षक हा या कामाचा कणा. त्याला अनोळखी माणसाशी बोलायची सवय असते, उन्हात उभं राहायची सवय असते, मुद्दा तीन वेळा न चिडता समजावून सांगायची तर फारच सवय असते. संपाचा परिणाम मोजायचा असेल, तर यादीत नाव असलेल्यांपैकी किती जण त्या बसमध्ये चढले आणि किती जणांनी 'या शनिवारी जमणार नाही' म्हटलं, ते मोजा. हा माणूस विरोधकाला मत देत नाही. तो तुम्हालाच मत देतो आणि घरी बसतो. तुमच्या सर्वेक्षणात तो हक्काचा मतदार म्हणून हिरव्या रंगात दिसतो.

जिथे मतदान केंद्रावरची जबाबदारीच मोठ्या प्रमाणात शिक्षकांवर असते, भारतासारख्या देशात, तिथे तर नाराज शिक्षक मतदानाच्या दिवशी तुमच्या समोर टेबलामागे बसलेला असतो. तो काही गैर करेल असं मुळीच म्हणायचं नाही. इमानाने काम करेल. पण वर्षभर गावात त्याचं जे बोलणं होतं, ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कानांवर पडतं.

संप आणि निवडणूक यांची थेट टक्कर बघायची असेल, तर मेक्सिकोत वाहाका राज्यात जावं लागेल. तिथल्या शिक्षक संघटनेच्या 22 व्या शाखेने 22 मे 2006 ला संप पुकारला आणि शहराच्या मुख्य चौकात तंबू ठोकले. हे तिथे जवळपास दरवर्षी व्हायचं, आणि मिटायचं. राज्यपाल उलिसेस रुइस हे 'पीआरआय' (इन्स्टिट्यूशनल रिव्होल्यूशनरी पार्टी) या पक्षाचे. त्या पक्षाने ते राज्य सुमारे ऐंशी वर्षं हातात ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक 2 जुलैला होती. 14 जूनला पहाटे राज्यपालांनी चौक रिकामा करायला पोलीस पाठवले. अश्रुधूर झाला, हेलिकॉप्टर आलं, तंबू जळाले. दुपारपर्यंत शिक्षकांनी चौक परत घेतला, आणि काही दिवसांत शिक्षकांचा संप राहिला बाजूला, शेकडो संघटनांची एक लोकपरिषदच उभी राहिली. तिची मागणी एकच होती, राज्यपाल हटाव. मतदानाच्या दिवसासाठी त्यांनी हाक दिली 'शिक्षेच्या मता'ची. ज्या वाहाकात पीआरआय हरणं ही कल्पनाही विनोदी वाटायची, तिथे त्या पक्षाने संसदेच्या बहुतेक जागा गमावल्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांत डाव्या आघाडीचे लोपेस ओब्राडोर पुढे गेले.

एवढ्यावर थांबलो तर ही गोष्ट फारच सोयीची होईल. देशपातळीवर ओब्राडोर हरले. उजव्या पक्षाचे फेलिपे काल्देरोन एक टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. वादग्रस्त निकालानंतर त्यांना संसदेत पीआरआयची गरज पडली आणि ज्या राज्यपालाला घालवायला लोक रस्त्यावर उतरले होते, तो खुर्चीवर राहिला, मुदत पुरी करून 2010 मध्ये गेला. म्हणजे संपाने पक्षाला शिक्षा केली आणि त्या शिक्षेच्या गणितातूनच शिक्षा झालेला माणूस वाचला. तुम्हा गणिती लोकांना यातली मजा कळेल. वाहाकाच्या लोकांना ती कळली नाही. त्यांनी माणसं गमावली होती.

माझ्या दृष्टीने वाहाकात सगळ्यात महत्त्वाचा आहे तो 14 जून. 22 मे ते 13 जून हा संप स्थानिक होता. पगाराचा होता, गणवेशाचा होता, शाळेतल्या नाश्त्याचा होता. तो निवडणुकीचा झाला तो पोलिसांच्या काठीने. संप राष्ट्रीय होतो तो बहुतेकदा मागणीमुळे नव्हे, सत्तेच्या उत्तरामुळे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातही तेच. तिथे मार्च 2018 मध्ये शिक्षकांच्या पेन्शनमधले बदल विधिमंडळाने सांडपाण्याविषयीच्या एका विधेयकात घुसवून काही तासांत मंजूर केले. होय, सांडपाण्याच्या! विनोदी लेखकालाही इतकं सुचलं नसतं. शिक्षक राजधानीत धडकले. राज्यपाल मॅट बेव्हिन तोंडाला लगाम न घालता बोलत राहिले, एकदा तर शाळा बंद राहिल्यामुळे कुठल्या तरी मुलावर नक्कीच लैंगिक अत्याचार झाला असेल असं म्हणून बसले आणि नंतर माफी मागावी लागली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा डिसेंबर 2018 मध्ये रद्द केला. न्यायालयात त्याविरुद्ध लढले होते अँडी बेशियर, राज्याचे महाधिवक्ता. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये तेच बेव्हिन यांच्या समोर उभे राहिले, सोबत उपराज्यपालपदासाठी एक शिक्षिका घेऊन. डोनाल्ड ट्रम्प यांनी हे राज्य 2016 मध्ये सुमारे तीस टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः बेव्हिन यांच्यासाठी तिथल्या लेक्सिंग्टन शहरात सभा घेऊन गेले. बेव्हिन पाच हजारांच्या आसपास मतांनी पडले. एवढ्याशा फरकात एकट्या शिक्षकांना श्रेय देणं बरोबर नाही, पण त्यांना वगळून तो फरक समजावून सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

अमेरिकेतल्याच वेस्ट व्हर्जिनिया राज्याची कथा नेमकी उलटी. फेब्रुवारी 2018 मध्ये राज्यातल्या सगळ्या 55 काउंट्यांतल्या (म्हणजे जिल्ह्यांतल्या) शाळा बंद झाल्या. सरकारी नोकरांना संपाचा हक्क नसतानाही झाल्या. नेत्यांनी राज्यपालांशी तडजोड केली, ती शिक्षकांनी धुडकावली आणि पाच टक्के वाढ हातात पडल्यावरच परतले. संपाच्या बाजूने उभे राहिलेले रिचर्ड ओजेडा त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या जागेसाठी लढले. हरले, तेराएक टक्क्यांनी. पण त्या मतदारसंघात 2016 मध्ये ट्रम्प 49 टक्क्यांनी पुढे होते. आणि 2020 मध्ये? राज्य पुन्हा ट्रम्प यांचंच, जवळपास तेवढ्याच मतांनी. संपात खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं मतपेटीपाशी आपापल्या जुन्या घरी परतली. तेव्हा संप म्हणजे मतांचं पीक, असं समजून कोणी झेंडे घेऊन तिथे पोचणार असेल, तर त्याचीही निराशाच होईल.

मग शिक्षकांच्या संपांच्या त्या लाटेने राष्ट्रीय प्रचारात काही बदललं का? बदललं, आणि तुमच्या नकाशावर दिसणार नाही अशा जागी बदललं. वेस्ट व्हर्जिनियामागोमाग ओक्लाहोमा, ॲरिझोना, मग जानेवारी 2019 मध्ये लॉस एंजेलिस. अमेरिकेत शिक्षकांचे पगार मुख्यतः राज्यांच्या आणि स्थानिक पैशातून होतात, राष्ट्राध्यक्षाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. तरीही मार्च 2019 मध्ये कमला हॅरिस यांनी 2020 च्या डेमोक्रॅट उमेदवारीच्या शर्यतीतली आपली पहिली मोठी योजना जाहीर केली ती शिक्षकांच्या पगारवाढीची, सरासरी 13,500 डॉलरची. त्याच शर्यतीतल्या बर्नी सँडर्स यांनी किमान पगार 60 हजार डॉलर करू म्हटलं. आणि ऑक्टोबर 2019 मध्ये शिकागोचे शिक्षक पुन्हा संपावर गेले, तेव्हा शर्यतीतल्याच एलिझाबेथ वॉरन स्वतः त्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. महापौर पुन्हा त्यांच्याच पक्षाच्या होत्या बरं का. सात वर्षांपूर्वी ज्या शहरात राष्ट्रीय पक्षाला तोंड उघडवत नव्हतं, तिथेच उमेदवार फोटो काढायला येऊ लागले. मला विचाराल तर 2012 च्या मौनाला मिळालेलं उत्तर हेच होतं, फक्त उशिरा पोचलेलं.

आता तुमच्याकडून मला काय हवं आहे ते सांगतो.

त्या शहरातल्या तुमच्या माणसाला 'मतदानाच्या आत मिटवून टाका' असा फोन करू नका. हा फोन जातो हे सगळ्यांना माहीत आहे, दोन्ही बाजूंना. तो गेला की महापौराला कळतं की आता काहीही मान्य करून सुटायचं आहे, आणि संघटनेला कळतं की वेळ आपल्या बाजूने आहे. अशा घाईत झालेला करार शाळेसाठी होत नाही, तारखेसाठी होतो. त्याचं बिल मतदानानंतर येतं. शिकागोत संप मिटला सप्टेंबर 2012 मध्ये, निवडणूक झाली नोव्हेंबरमध्ये, आणि मे 2013 मध्ये शिक्षण मंडळाने एका झटक्यात पन्नासच्या आसपास शाळा बंद करायला मंजुरी दिली, बहुतांश कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. तेव्हा राष्ट्रीय कॅमेरे तिकडे नव्हते.

संघटनेलाही 'यंदा निवडणूक आहे, जरा सबुरीने घ्या' असं सांगायला जाऊ नका. एरवी चार वर्षं ज्यांचं निवेदन कोणी उघडून पाहिलेलं नसतं, त्यांना निवडणुकीच्या दोन महिन्यांत संयम शिकवणं हे जरा अतीच होतं. इलिनॉयच्या कायद्याने 2011 मध्ये शिकागोच्या शिक्षकांना अट घातली होती की एकूण सदस्यांपैकी 75 टक्क्यांनी होकार दिल्याशिवाय संप करता येणार नाही. ही मर्यादा कधी ओलांडली जाणार नाही अशी तिच्या पुरस्कर्त्यांची अटकळ होती. जून 2012 मध्ये संपासाठी मतदान झालं आणि सुमारे नव्वद टक्के सदस्यांनी होकार दिला. तुमच्यापैकी किती पक्षांना स्वतःच्या सदस्यांचा एवढा कौल कधी मिळाला आहे? जूनचा तो आकडा सगळ्यांसमोर होता. राष्ट्रीय मुख्यालयाला जाग आली ती सप्टेंबरमध्ये.

म्हणून पुढच्या वेळी मागण्यांची यादी वाचायला एक माणूस बसवा. जाहिरात करणारा नको, शाळेचा अर्थसंकल्प वाचता येणारा. त्याने पगाराचा आकडा बाजूला ठेवून बाकीच्या मागण्या बघाव्यात : वर्गात मुलं किती, समुपदेशक आहे का, मूल्यमापन कशावरून, नोकरीवरून काढलेल्यांचं काय. त्यातली कोणती अट तुमच्या सरकारच्या एखाद्या योजनेतून किंवा निधीच्या शर्तीतून खाली झिरपली आहे, हे त्याने एका पानात लिहून द्यावं. असं काही सापडलं, तर उमेदवाराने ते कबूल करावं, योजना बदलणार की नाही ते सांगावं. बदलणार नसेल, तर तसंही सांगावं. शिक्षक रागावतील, पण त्यांना कोणाशी बोलतो आहोत हे तरी कळेल. महापौराचं समर्थन करायचं असेल, तर तेही नाव घेऊन करा.

आणि जर त्यात तुमचा काहीच हात नसेल, भांडण खरोखरच त्या गावचं असेल, तर गप्प राहायला माझी हरकत नाही. फक्त मग त्याच महिन्यात त्या शिक्षकांच्या घरी स्वयंसेवकांच्या नोंदणीचे फोन लावू नका. शिकागोच्या त्या संघटनेने 2015 मध्ये इमॅन्युएल यांच्याविरुद्धच्या उमेदवाराला बळ दिलं आणि त्यांना दुसऱ्या फेरीत जायला लावलं. 2023 मध्ये तिचाच एक जुना संघटक, ब्रँडन जॉन्सन, महापौर झाला. हरवलं त्याने पॉल व्हॅलास यांना, शिकागोच्या शाळांच्या एका माजी प्रमुखाला. दारं ठोठवणारी ती माणसं कुठे गेली असं 2012 नंतर कोणी विचारत असेल, तर ती स्वतःच्याच उमेदवारासाठी दारं ठोठवत होती.

कळावे,

आपला,
एक मतदार